एक लाख एकला अकरानं भाग जातो

एक लाख एक या संख्येला अकरानं भाग जातो. हे आधीच सांगून टाकते, कारण हे एवढं एक वाक्य मी भरल्या घरात बोलले आणि माझं एम.एस्सी. गेलं. वाक्य खोटं असतं तर मी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. ते खोटं नाही. कागद घ्या, पेन घ्या, करून बघा. नऊ हजार एक्क्याण्णव येतात, बाकी शून्य.

खरं तर कागदही लागत नाही. सुरुवातीला एक, शेवटी एक, मध्ये चार शून्यं. एक सोडून एक अंक घ्यायचे आणि त्यांच्या बेरजा करायच्या. एक बेरीज एक येते, दुसरीही एक येते, वजाबाकी शून्य. वजाबाकी शून्य आली की अकरानं भाग जातो, हे सातवीतल्या पोरांना मी दरवर्षी शिकवते. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून वाचा, ही संख्या तीच राहते. एवढी सरळ, साधी संख्या, आणि तिनं माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं असं आमच्या घरात म्हणत. संख्येनं काही केलं नाही. माणसांनी केलं.

आमच्याकडं शुभकार्यात शून्यावर संपणारा आकडा चालत नाही. आहेराचं पाकीट दुकानातून आणलं तरी त्यावर रुपयाचं नाणं चिकटवलेलंच असतं. एकवीस, एकावन्न, पाचशे एक. का, तर वर एक असला की भाग जात नाही, आणि भाग जात नाही म्हणजे संसार तुटत नाही. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की कान किटले. अरे, एकवीसला सातानं भाग जातो. एकावन्नला सतरानं जातो. पाचशे एकला तिनानं जातो. हजार एकला सातानं जातो, अकरानं जातो आणि तेरानंही जातो. दहा हजार एक जरा हट्टी आहे, पण त्र्याहत्तरनं तोही तुटतो. अकरा आणि एकशे एक तेवढे टिकतात. म्हणजे आजवर एकावन्नाचा आहेर घेतलेल्या सगळ्या जोडप्यांनी सतरा ठिकाणी पांगायला हवं होतं. तसं कुठं दिसत नाही. मजेत आहेत सगळी, भांडतात आणि जेवतात.

आमचं बारदानाचं दुकान होतं शाहूपुरीत. गुळाच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांना गोणपाट, रिकामी पोती, सुतळी विकायची. घर राजारामपुरीत. घरात वडील म्हणजे अप्पा, थोरली बहीण अक्का आणि मी. अव्वा, आमची आई, मी दहावीत असताना गेली. तेव्हापासून घरातलं सगळं देवाधर्माचं अप्पांची धाकटी बहीण बघायची. तिला आम्ही आत्ती म्हणायचो. ती दोन गल्ल्या पलीकडं राहायची, पण तिचा आवाज आमच्याच घरात राहायला होता.

मी बी.एस्सी.ला गणितात पहिल्या वर्गात पास झाले त्या पावसाळ्यातली गोष्ट. विद्यापीठात एम.एस्सी.ला माझं नाव लागलं होतं. प्रवेश पक्का करायला थोडे दिवस हातात होते. अप्पांनी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, "अक्काचं एकदा नीट होऊ दे, मग तुझं बघू." अक्काचं ठरलेलंच होतं. निपाणीचं घर, तंबाखूच्या व्यापारातलं, मुलगा देखणा. साखरपुडा झाला होता, श्रावण संपला की तारीख काढायची होती. म्हणजे माझं एम.एस्सी. अक्काच्या लग्नाच्या मागं रांगेत उभं होतं, आणि रांग पुढं सरकत होती. मी खूश होते. आकाशवाणीची गाणी लावून फरशी पुसायचे.

मग आत्तीनं लाखोली काढली. श्रावणातल्या सोमवारी महादेवाला एक लाख बेलाची पानं वाहायची, आणि वर एक. तिच्या सासरी कोडोलीला शेताच्या बांधावर बेलाची झाडं होती. तिथून शुक्रवारी टेम्पोनं पोती आली, आमच्याच दुकानातली पोती. सगळ्या घराला तो हिरवा, जरा कडसर वास लागला. शनिवारी मोजणी.

लाखोलीची मोजणी ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. तीन दळं शाबूत असलेलं ते एक पान. किडीनं खाल्लेलं चालत नाही, दोन दळांचं चालत नाही. पान पुसायचं, देठाची गाठ खुडायची, शंभर झाली की केळीच्या सोपटानं जुडी बांधायची. रुद्र अकरा म्हणून मोजायला अकरा सवाष्णी बसवायच्या. आत्तीची पद्धत अशी की प्रत्येकीनं नऊ हजार मोजायची. अकरा जणींची झाली नव्व्याण्णव हजार. उरली हजार आणि वरचं एक. ही हजार एक पानं नवऱ्या मुलीनं एकटीनं मोजायची, उपाशी पोटी, मध्ये न उठता. वाटून घ्यायची नाहीत, कारण वरच्या एकामुळं ती वाटली जातच नाहीत, असं आत्तीचं ठाम मत. तिच्या सासूनं तिला असंच सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. इतक्या बायकांतल्या एकीलाही भागाकार करून बघावासा वाटला नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही.

अकरा जणींतल्या दोघी निपाणीहून यायच्या होत्या, मुलाची आई आणि मुलाची काकू. सकाळी अप्पा दुकान उघडायला गेले आणि तासाभरात परत आले. घरात नऊ बायका येऊन बसल्या होत्या. अप्पांनी आत्तीला खुणेनं बोलावलं आणि दोघं मागच्या दारी गेली. तिथं नळावर अक्का बेलाची शेवटची टोपली धूत होती. थोड्या वेळानं आत्ती पुढं येऊन म्हणाली, "निपाणीची येत न्हाईत. विहीणबाईंना ताप भरलाय." शेजारच्या दोघींना हाका मारून आणलं, अकरा पुऱ्या केल्या आणि मोजणी सुरू झाली. मी चहाचं आणि पाण्याचं बघत होते. ना सवाष्ण ना नवरी, म्हणून मला पानाला हात लावायची परवानगी नव्हती.

दुपारपर्यंत अक्काचा चेहरा उतरला. बेल खुडून तिची बोटं काळी पडली होती, डोळे लाल झाले होते. मला वाटलं उपासानं. एरवी मला चार कामं सांगणारी अक्का एक शब्द बोलत नव्हती. एक जुडी बांधायची, पुन्हा मोजायची, चुकायची, पुन्हा सोडायची. माझा जीव तुटला. आणि मी चहाची किटली हातात घेऊन, अगदी सहज, आत्तीला म्हटलं, "तिला एकटीला कशाला बसवलंय? हजार एकला अकरानं भाग जातोय की. प्रत्येकीनं एक्क्याण्णव जास्त मोजा, संपलं. नऊ हजार एक्क्याण्णव. एक लाख एकला अकरानं सरळ भाग जातो."

बायकांचे हात थांबले. मला वाटलं त्या हिशेब करताहेत.

आत्ती म्हणाली, "भाग जातोय म्हणजे?"

मी वेडी, मला वाटलं तिला खरंच समजून घ्यायचंय. मी किटली खाली ठेवली आणि एक सोडून एक अंकांची बेरीज समजावून सांगायला लागले. पहिला एक आणि शेवटचा एक कसे एकमेकांना खाऊन टाकतात ते सांगितलं. नऊ हजार एक्क्याण्णवला मात्र पुढं कशानंही भाग जात नाही, हेसुद्धा सांगितलं. ते मला फार सुंदर वाटायचं. एवढा मोठा आकडा, एक घाव बसला की दोन तुकडे, आणि त्यातला मोठा तुकडा असा की त्यावर दुसरा घाव बसतच नाही.

"गप बस," आत्ती म्हणाली. "लगीन ठरलेल्या घरात भागतीस? भरल्या श्रावणात भागतीस?"

अक्कानं हजार एक पानं एकटीनंच मोजली. सोमवारी लाखोली वाहिली. मंगळवारी सकाळी अप्पांनी चहा पिता पिता सांगितलं, "निपाणीचं मोडलं." बास, एवढंच. आणि आत्तीनं कपाळावर हात मारला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोडणारच की. हिनं भागलं ते."

मी अप्पांकडं बघितलं. मला वाटलं, हा माणूस बारदानाचा व्यापारी आहे, रोज पोती मोजून देतो घेतो, हा तरी म्हणेल की काय खुळ्यासारखं बोलतीस. अप्पा बशीतला चहा फुंकत राहिले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "एम.एस्सी.चं ऱ्हाऊ दे आता. लई झालं गणित."

मी भांडले. दोन दिवस जेवले नाही. अप्पांना म्हटलं, मी आकडा भागला नसता तर तो भागला गेला नसता का? तो आधीपासूनच तसा आहे, मी जन्मायच्या आधीपासून. ते म्हणाले, "उलट बोलू नको." प्रवेशाची मुदत माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. माझ्यापेक्षा कमी मार्कांची एक मुलगी माझ्या जागेवर बसली. ती आज प्राध्यापक आहे, भली बाई आहे, रस्त्यात भेटली की थांबून बोलते. मी तिच्याशी बोलते आणि घरी येऊन भांडी आपटते.

त्या महिन्यात मी एकच काम केलं. कॅलेंडरची जुनी पानं उलटी घेतली आणि एक लाखाच्या पुढचे आकडे एकेक करून भागत बसले. मला बघायचं होतं की यांना हवा तसा, न तुटणारा आकडा आहे तरी कुठं. फार लांब जावं लागलं नाही. एक लाख तीन. दोनानं नाही, तिनानं नाही, सातानं नाही, अकरानं भागला तर दोन उरतात. तीनशे सोळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, कारण त्यापुढं बघायची गरजच नसते. कशानंही गेला नाही. आत्तीच्या आकड्यापासून दोनच पावलांवर बसला होता. मी ती कॅलेंडरची पानं बंबात घातली.

अक्काचं पुढच्याच वर्षी गोकाककडं लग्न झालं, चांगलं झालं. बघायला आलेल्या पावण्यांना आत्ती आधीच सांगायची की पहिलं मोडलं त्यात पोरीचा काही दोष न्हाय, धाकटीनं लाखोली भागली. लोक मान हलवायचे आणि माझ्याकडं बघायचे. मलाही दोन-तीन स्थळं आली. त्यांच्याही कानावर ते पडलं आणि ती परत आली नाहीत. माझं लग्न झालं नाही याचं मला काही वाटत नाही, खरंच सांगते. एम.एस्सी.चं वाटतं. आजही वाटतं. विद्यापीठाच्या रस्त्यानं रिक्षा गेली तर मी दुसरीकडं बघते. मी राजारामपुरीत सातवी ते दहावीचे क्लास घेते. पोरं म्हणतात बाई गणित चांगलं शिकवतात, पण फार चिडतात. चिडते मी. का चिडते ते त्यांना काय सांगू.

अप्पा गेले. दुकान विकलं. चौदा-पंधरा वर्षं अशी निघून गेली. आणि एक दिवस क्लास सुटल्यावर आत्ती जिना चढून वर आली. बरोबर तिची मुलगी. मोजणीच्या वेळी ही पोरगी सहा-सात वर्षांची असेल, पुढं दहावीला माझ्याकडंच होती, आता बी.कॉम. झाली होती. तिचं लग्न ठरलं होतं. आत्ती बाकावर बसली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "लाखोली घालायची हाय. तू गणितातली. असा आकडा सांग की ज्याला कशानंबी भाग जात न्हाय. जावई इंजिनियर हाय, त्यांच्यातली समदी शिकलेली. परत कुणी भागलं म्हंजे?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती पोरगी समोर होती, चांगली पोरगी, लाजून खडूचे तुकडे गोळा करत होती. आणि आकडा तर माझ्या जिभेवर पंधरा वर्षं बसून होता. मी म्हटलं, "एक लाख तीन."

"कशानंच न्हाय?"

"कशानंच नाही. अकरा जणींना नऊ हजार एक्क्याण्णव येतात आणि दोन उरतात. ती दोन मुलीनं वाहायची."

आत्तीचा चेहरा असा उजळला, जणू तिला माझ्याबद्दल प्रेमच आलं. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "तू मनात ठेवू नगंस हां ते जुनं. तुझ्यामुळं कुठं मोडलतं ग. फोन तर सकाळीच आलता की."

मी विचारलं, कुठला फोन.

तिनं सांगितलं. लाज नाही, संकोच नाही, जुन्या लग्नातल्या जेवणाबद्दल सांगावं तसं. शनिवारी सकाळी अप्पांनी दुकान उघडलं तेव्हा निपाणीहून फोन आला होता. संकेश्वरची एक मुलगी सांगून आली होती, बापाचा पेट्रोल पंप. मुलाकडच्यांनी आमचं मोडलं. विहीणबाईंना ताप वगैरे काही नव्हता. अप्पा घरी आले तेव्हा बायका जमल्या होत्या, बेल धुऊन होत आला होता. आता काय करायचं ते दोघा बहीण-भावांनी नळापाशी उभं राहून ठरवलं, की सोमवारपर्यंत गप राहायचं, मग काहीतरी निमित्त सांगायचं. निमित्त काय ते त्यांनाही सुचत नव्हतं. दुपारी मी किटली घेऊन आले आणि त्यांना ते आयतं दिलं.

"पोरीला सोडलं म्हटल्यावर लोक पोरीतच खोट काढत्यात," आत्ती म्हणाली. "अक्काचं नाव वाचलं की. आणि तुझं काय, तू शिकलेली. तुला काय फरक पडतोय."

मला काय फरक पडतोय. मी तिला जिन्यापर्यंत सोडायलासुद्धा उठले नाही. त्या रात्री मी अप्पांच्या फोटोकडं बघून मोठ्यानं बोलले, जे ते जिवंत असताना बोलता आलं नाही ते सगळं. शिव्यासुद्धा दिल्या. बापाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. बापानं काय करू नये तेही कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मोजणीला मी गेले. आत्तीच्या घरी खोलीभर बायका गोल बसल्या होत्या. यावेळी मुलाची आई खरोखरच आली होती, हसतमुख बाई, भराभर जुड्या बांधत होती. गोकाकहून अक्का आली होती, ती आता अकरा जणींत होती. प्रत्येकीला नऊ हजार एक्क्याण्णव, माझाच भागाकार, त्याच घरच्या माणसांनी वापरलेला. देवापुढच्या तबकात उरलेली दोन पानं आधीच काढून ठेवली होती, पुसून, हळद-कुंकू लावून. आत्ती मुलाच्या आईला कौतुकानं सांगत होती, "हा आकडा आमच्या भाचीनं काढलाय. ह्याला भाग जातच न्हाय."

मी मध्ये उभी राहिले आणि बोलले. आवाज चढवला नाही, क्लासमध्ये बोलते तसंच बोलले. म्हटलं, याच आत्तीनं एक लाख एकला मी भाग घातला म्हणून अक्काचं लग्न मोडलं असं गावभर सांगितलं. मी भाग घातला दुपारी. मोडल्याचा फोन आला होता सकाळी. अप्पांना माहीत होतं आणि आत्तीला माहीत होतं. अक्काला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून माझं नाव पुढं केलं, आणि त्यापायी माझं शिक्षण बंद केलं.

हात थांबले. मुलाच्या आईच्या हातातली जुडी अर्धी बांधलेली तशीच राहिली. शेजारच्या बाईनं तोंडावर पदर घेतला. आत्ती माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होती. नवरी मुलगी रडायला लागली. सगळ्या खोलीत एकच हात चालू होता.

अक्का मोजत होती. पान पुसायची, देठ खुडायची, बाजूला ठेवायची, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायची. मान वर केली नाही. पहिल्यांदा ऐकणारं माणूस आकडा चुकतं. अक्का चुकली नाही, शंभर झाली तशी तिनं जुडी बांधली आणि दुसरी सुरू केली. तेव्हा मला नळ आठवला, टोपली आठवली, तिचे लाल डोळे आठवले. अप्पा आणि आत्ती बोलत होते तेव्हा ती तिथंच बसली होती, हातभर अंतरावर. तिची हजार एक पानं वाचावीत म्हणून मी तोंड उघडलं होतं. आणि ती पंधरा वर्षं, दर दिवाळीला, माझ्या हातचं खाऊन गोकाकला परत गेली होती.

मी तबकातली ती दोन पानं उचलली, मुठीत धरली, चप्पल घातली आणि निघून आले. पाठीमागं एक लाख एक पानं राहिली.

दुसरी दोन घालायचं धाडस कुणाला झालं नाही, हे मला नंतर त्या मुलीनंच सांगितलं. तेवढीच वाहिली. लग्न झालं, तिला दोन मुलं आहेत, थोरला गणितात हुशार आहे म्हणे. अक्का फोन करते, मी उचलत नाही.